निळी फडकी, एक पांढरं

पॅड पांढरंच राहिलं. खरं तर एवढंच झालं, आणि तेवढ्यावरून काळजाचा ठोका चुकावा असं त्यात काही नव्हतं. तळघरातल्या त्या पार्किंगमध्ये सकाळपासून हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमली होती. ज्याच्या त्याच्या हातात पॉलिशचं मशीन होतं आणि मशीनच्या टोकाला लावलेलं स्पंजचं गोल पॅड पत्र्यावर घूं घूं करत फिरत होतं. तिची गाडी सगळ्यांत जुनी. शिकवणारे मास्तर गाड्या रंगवण्यात हयात घालवलेले गृहस्थ, त्यांनी तिला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "ताई, तुमचं पॅड निळं होईल, घाबरू नका. या जुन्या गाड्यांवर लॅकर, म्हणजे रंगावरचा काचेसारखा थर नसतो, नुसता रंग असतो. पॉलिश केलं की तो थोडा थोडा निघतोच." तसंच झालं. बॉनेटवर पॅड निळं झालं, दारांवर निळं झालं, तिची बोटं निळी झाली, कपाळावरचा घाम पुसला तिथेही निळं लागलं आणि शेजारच्या लाल गाडीचे मालक, दातांचे डॉक्टर, तिच्याकडे बघून हसले. मग ती डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डपाशी आली. नवं पॅड लावलं, शिकवल्याप्रमाणे आधी आडवं, मग उभं फिरवलं, आणि मशीन थांबवून पॅड उलटं करून पाहिलं. पॉलिशच्या मलईखेरीज त्यावर काही नव्हतं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा पाहिलं. डोळ्यांना दिसत होता तो रंग बाकीच्या गाडीसारखाच निळा होता, पण इथला निळा हाताला लागायला तयार नव्हता.

"मास्तर, इथे रंग येत नाहीये."

मास्तर आले. त्यांनी बोटाच्या पेराने पत्रा वाजवला, खिशातून एक छोटं यंत्र काढलं आणि बॉनेटवर टेकवलं, मग मडगार्डवर टेकवलं. पत्र्यावर रंगाचा थर किती जाड आहे ते हे यंत्र सांगतं, एवढं तिला सकाळच्या धड्यावरून कळत होतं. मास्तरांनी ओठांचा चंबू केला. "हे नंतर रंगवलंय. खाली पोचा बुजवायला पुट्टी भरलीय, वरून लॅकर मारलाय. म्हणून पॅड कोरं. गाडी कुठे ठोकली होती का?"

"छे. बाबांनी कोरी करकरीत घेतली होती. त्यांच्याशिवाय कुणी चालवलीच नाही. आणि त्यांच्या हातून कधी साधा ओरखडासुद्धा..." असं म्हणता म्हणता तिने मागे वळून पाहिलं.

बाबा खांबाशेजारी घडीच्या खुर्चीत बसले होते, स्वेटर गळ्यापर्यंत, हात मांडीवर. सकाळपासून ते समोरच्या भिंतीवरचा बाण न्याहाळत होते. आता ते बाणाकडे बघत नव्हते, तिच्याकडेही नाही. तिच्या हातातल्या पांढऱ्या पॅडकडे बघत होते, आणि आपल्या घरातली एखादी वस्तू परक्याच्या हातात दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

उद्या ती त्यांना विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात पोचवणार होती. त्यांची खोली लागली होती, कपड्यांवर नावं शिवून झाली होती, आणि तिथल्या बाईंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं होतं की जागा बदलली की अशी माणसं थोडी आणखी विसरतात. थोडी आणखी म्हणजे किती, हे विचारायचा तिला धीर झाला नव्हता. गेले कित्येक महिने बाबा दोनच प्रश्न विचारत. "गाडी पुसली का?" आणि "बुटकी कुठाय?" बुटकी म्हणजे तीच. पण बाबांच्या डोक्यात बुटकी अजून टेबलाखालून डोकं न वाकवता जायची तेवढीच होती, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या, चष्मा लावणाऱ्या, औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्यांचा मजकूर तपासून पोट भरणाऱ्या बाईशी तिचा काही संबंध त्यांना दिसत नसे. ती कधी त्यांची नर्स असे, कधी बायकोची मैत्रीण, कधी कुठल्याशा ऑफिसातून सही घ्यायला आलेली. चुकून एखाद्या दिवशी तीच असे, आणि मग तो दिवस ती जपून वापरत असे. मोठी न झालेली बुटकी आणून हजर करणं काही तिच्या हातात नव्हतं. गाडीचा प्रश्न तेवढा तरी सोडवावा म्हणून ती इथे नाव नोंदवून आली होती. जाण्यापूर्वी त्यांना एकदा गाडी झळझळीत दिसावी, इतकाच बेत. आणि आता या बेतात ही पांढरी चकती आडवी आली होती, आणि जे काय विचारायचं ते आजच विचारायला हवं होतं, कारण उद्या विचारण्याजोगं कोण शिल्लक असेल याचा भरवसा नव्हता.

मास्तर पुढच्या गाडीकडे वळले. तिने मशीन पुन्हा उचललं, पण लक्ष मशीनकडे नव्हतं. रविवारी सकाळी बाबा गाडी पुसायचे. पुसायचे म्हणणं कमीच, गोंजारायचे. वॅक्सचा चपटा डबा, जुने बनियन फाडून केलेली फडकी, आणि तोंडाने अगदी बारीक शीळ. आई म्हणायची, माझ्या वाट्याला एवढी माया आली असती तर मीही अशीच चमकले असते. फडकी निळी पडत. आई ती बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळ्या दोरीवर वाळत घाली, आणि दोरीच्या टोकाला एक पांढरं फडकं असे. तिने एकदा विचारलं होतं, हे एकच पांढरं का. आई म्हणाली, ते नवीन आहे. पुढच्या रविवारीही ते नवीनच होतं. ती शाळेत जायला लागली, शाळा संपली, आईचे केस पिकले, तरी दोरीच्या टोकाचं ते फडकं नवीनच राहिलं, आणि इतक्या वर्षांत त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. आणि बाबा सुरुवात डाव्या मडगार्डपासून करत. सगळ्या गाडीला वळसा घालून पुन्हा तिथेच येत, आणि मग शीळ थांबे. गोल, गोल, गोल हात फिरत राही, जेवायला हाका मारल्या तरी. ती मदतीला गेली तर आई आतून ओरडे, "मध्ये जाऊ नकोस, बाबा पुसतायत ना." ओरडणं साध्या गोष्टीच्या मानाने फार मोठं असे.

"ताई, ताई, हलवा मशीन. एका जागी थांबू नका," मास्तर लांबून म्हणाले. तिने दचकून मशीन उचललं. पत्रा चांगलाच तापला होता. नवशिक्या माणसाने करायची नेमकी चूक तिने केली होती, आणि तीही नेमकी त्याच जागी. मास्तर हातात दिवा घेऊन आले, दिवा वरून न धरता बाजूने, पत्र्याला जवळजवळ चिकटवून धरला. मघापर्यंत जिथे नुसता गुळगुळीत निळा होता तिथे आता एक आकार वर आला होता. लांबट गोल, जेवणाच्या ताटलीएवढा. कड अगदी बारीक, बोट फिरवलं तर लागणार नाही, पण उजेड त्या कडेला अडखळत होता.

"बघा, उठलं," मास्तर म्हणाले. "पुट्टीची कड आहे ही. ताप लागला की जुनं काम असं वर येतं. इतकी वर्षं गप पडून होतं बिचारं. आणि हे बघितलंत का?" त्यांनी दिवा हलवला. त्या गोलाच्या आतबाहेर केसासारख्या ओरखड्यांची जाळी होती, सगळी वर्तुळं, वर्तुळात वर्तुळं. "कोरड्या फडक्याने गोल गोल घासलं की हे असं होतं. थोडं थोडं सगळ्याच गाडीवर आहे. पण इथे म्हणजे कुणीतरी हट्टाला पेटून घासलंय. डाग नसताना डाग काढत बसल्यासारखं."

"काय लागलं असेल?" तिचा आवाज तिला वाटला त्याहून बारीक आला.

"खांबबिंब असता तर पत्रा चिरला असता, कड धारदार बसली असती. हा पोचा मऊ आहे, सगळीकडून सारखा. मऊच काहीतरी आलं असणार मध्ये." त्यांनी दिवा खाली धरला. "कुत्रंबित्रं."

"फुटबॉल असेल हो," दातांचे डॉक्टर आपल्या गाडीमागून म्हणाले. "आमच्या मुलाने माझ्या बॉनेटचा असाच पापड केला होता."

दोघेतिघे हसले, तीही हसली. मास्तर म्हणाले की यावर दोन उपाय आहेत. एक, सगळं खरवडून पत्र्यापर्यंत जायचं आणि नव्याने रंगवायचं. दुसरा, वॅक्सच्या आधी इथे भरणीचं पॉलिश हाताने जिरवायचं, ते बारीक खाचांत बसतं आणि कड दिसेनाशी होते. जात नाही, नुसती दिसत नाही. धुतली गाडी की पुन्हा जिरवायचं. "तुमच्या बाबांनी तेच केलेलं दिसतंय," असं म्हणून ते गेले, आणि दिवा तिथेच ठेवून गेले.

खालची बाजू करायची म्हणून तिने चाकांचं बुटकं स्टूल ओढलं आणि मडगार्डसमोर बसली. बसल्यावर तिची उंची अर्धी झाली. तो लांबट गोल आता बरोबर तिच्या उजव्या खांद्यासमोर आला होता. उजव्या खांद्याचं हाड तिथे थोडं वर आलेलं होतं, कपड्यातूनही बोटाला लागणारं टेंगूळ, विचारात पडली की तिचं बोट आपोआप तिथे जाई. आताही गेलं. लहानपणी ती जिन्यावरून पडली होती. "धावत सुटलीस, पाय घसरला, खालच्या पायरीवर खांदा आपटला, बाबांनी उचलून थेट दवाखान्यात नेलं." आईने हे कितीदा सांगितलं असेल, आणि दर वेळी याच शब्दांत, याच क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाठ केल्यासारखं. बाकीच्या गोष्टी सांगताना आई किती भरकटायची, कुणाच्या लग्नापासून निघून कुणाच्या गुडघ्यापर्यंत जायची. जिना तेवढा सरळ सांगायची. त्या जिन्याने मात्र तिचं सगळं आयुष्य आखून दिलं. घर घेतलं ते तळमजल्यावर. ऑफिसात लिफ्ट बंद पडली की तिला बरं नसे. कधी जिना चढायची वेळ आलीच तर एक हात भिंतीला घट्ट लावून, पायरी पायरी मोजल्यासारखी चढे, आणि मागून येणारी पोरं कंटाळून म्हणत, काकू, आमचं वय होईल तोवर. तिने कधी गाड्यांची भीती बाळगली नाही. रस्ता ओलांडताना ती बेफिकीर असे.

आणि तिला स्वतःला जे आठवत होतं त्यात जिना नव्हताच. हे तिने कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. तिला भिंत आठवायची. निळी, गुळगुळीत, उन्हाने तापलेली भिंत. ती भिंत चालत आली. तिने पडल्यावर आईला तसं सांगितलंही होतं, "भिंत आली," आणि आई म्हणाली होती, "भिंत कशी येईल, वेडे, तू गेलीस भिंतीवर." त्या घरातल्या जिन्याची भिंत पिवळी होती, आणि जिन्यात ऊन कधी येत नसे. मोठेपणी तिने ते तापाचं स्वप्न म्हणून बाजूला टाकून दिलं. माणूस स्वतःच्या आठवणीपेक्षा आईच्या शब्दांवर किती सहज विश्वास ठेवतो. अजूनही अधूनमधून झोपेत ती भिंत यायची, आवाज न करता, फार जोरात नाही, फक्त थांबायचं विसरल्यासारखी. तिने हात पुढे केला आणि तळवा त्या लांबट गोलावर ठेवला. मशीनने तापलेला पत्रा अजून गरम होता. गुळगुळीत होता. निळा होता. आजूबाजूची मशीनं चालूच होती, डॉक्टर कुणाला तरी पॅड मागत होते, आणि तिच्या खांद्यातलं हाड आतून, फार वर्षांनी, हळूच दुखलं. तिला वाटलं आपण हात काढून घ्यावा. हात निघेना.

मग ती उठली, खुर्चीपाशी गेली आणि बाबांसमोर उकिडवी बसली. "बाबा," ती म्हणाली, "गाडी कधी कुठे लागली होती का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एक जुनी, तरबेज सावधगिरी आली. नातेवाइकांची नावं हरवली होती, आईचं जाणं हरवलं होतं, पण ही सावधगिरी जिथल्या तिथे ठेवलेली होती. "कुठेच नाही," ते म्हणाले. "ती जिन्यावरून पडली."

तिने गाडीचं विचारलं होतं. जिन्याचं कुणी नाव काढलं नव्हतं.

"धावत सुटली," बाबा पुढे म्हणाले, "पाय घसरला. खालच्या पायरीवर खांदा आपटला." आईचेच शब्द, आईचाच क्रम. दोघांनी मिळून कधीतरी बसून ठरवले असतील. स्वयंपाकघरात, दार लावून, ती प्लास्टरमध्ये झोपलेली असताना. तिला राग आला, आणि तो इतका सणकून आला की तिला खाली फरशीवर हात टेकावा लागला. गाडी लागली याचा नव्हे. फाटकातून आत येताना पोर धावत पुढे आलं असेल, कुणाच्याही हातून झालं असतं. राग आला तो भिंतीचा. खरी भिंत तिच्याकडे होती आणि त्यांनी ती काढून घेऊन तिला जिना दिला होता. सगळं आयुष्य ती चुकीच्या भिंतीला हात लावून चालली. तिला त्यांच्या खांद्यांना धरून हलवावंसं वाटलं, मीच बुटकी, सांगा, जोरात होती का गाडी, मी ओरडले का, तुम्ही आधी मला उचललंत की आधी बघितलंत रस्त्यावर कुणी आहे का. पण हे ज्यांना विचारायचं ते कुठे होते? समोर एक म्हातारा माणूस होता आणि त्याच्या स्वेटरची बटणं तिनेच सकाळी लावली होती.

बाबा उठले. तिला बाजूला सारून, न अडखळता, गेले कित्येक महिने चालले नव्हते असे चालत ते थेट मडगार्डपाशी गेले. ट्रेमध्ये फडक्यांचा गठ्ठा होता. त्यांनी रंगीत फडकी एकेक बाजूला केली आणि पांढरं निवडून घेतलं. स्टुलावर बसले. भरणीच्या पॉलिशचा डबा उघडून बोटावर थेंबभर घेतलं, फडक्याला लावलं, आणि त्या लांबट गोलावर हात फिरवायला लागले. गोल, गोल, गोल. मास्तर तोंड उघडणार होते, गोल नाही आजोबा, सरळ. तिने मान हलवून त्यांना थांबवलं. दिव्याच्या तिरप्या उजेडात कड एका बाजूने बुजत चालली होती. ती बाबांच्या शेजारी, त्यांच्या मागे जरा, उभी राहिली.

"तुम्ही इथे नवीन का?" बाबांनी न वळता विचारलं.

"हो."

"काम चांगलंय तुमचं. पण या जागेला मशीन लावत जाऊ नका." हात फिरत होता. "एक सांगू? आमच्या बुटकीला यातलं काही सांगू नका."

"काय सांगू नको?"

"तिला जिना आठवतो," बाबा म्हणाले. "ती जिन्याला घाबरते. मला घाबरत नाही. धावत येते अजून, मी आलो की. तेवढं राहू दे." आणि मग ते थोडे मागे झुकले, डोकं कलतं करून त्यांनी पुसलेल्या जागेकडे पाहिलं. मडगार्डच्या फुगीर पत्र्यात तळघरातले दिवे वाकून दिसत होते, खांब दिसत होता, आणि बाबांच्या खांद्यामागे ती दिसत होती, त्या फुगवट्याने आखूड केलेली, मोठ्या डोक्याची, अगदी ठेंगणी. बाबांचा चेहरा उजळला. "ही बघा," ते कुजबुजले, "आलीच. आता बोलू नका काही." त्यांनी त्या आकृतीला बोट हलवून बोलावलं. ती जागची हलली नाही, श्वाससुद्धा घेतला नाही, कारण हलली असती तर पत्र्यातली ती पोर कुठे गेली असती कोण जाणे. कितीतरी महिन्यांनी बाबा तिला ओळखत होते, आणि ते तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. पांढरं फडकं तिच्या हातात दिलं. "मग उरलेलं तुम्ही करा. माझे आता हात दुखतात. गोल करा, गोल." तिने केलं. ती त्यांच्याच स्टुलावर बसली, आणि तिला वाटलं होतं तितकं ते अवघड गेलं नाही. हाताला ते आधीपासून येत असावं. कड बुजली. दिवा कसाही धरला तरी निळ्यात आता फक्त निळंच होतं. फडकं पांढरंच्या पांढरं राहिलं. मग सगळ्या गाडीला वॅक्सचा पातळ हात दिला, आणि मास्तरांनी जाहीर केलं की वॅक्स धरेपर्यंत कुणी गाडीला हात लावायचा नाही, सगळ्यांनी वर चला, चहा आलाय.

मंडळी लिफ्टकडे गेली. बाबांना लिफ्ट चालत नसे. लिफ्टच्या आरशात एक म्हातारा उभा असतो आणि तो त्यांच्याकडे एकटक बघतो, अशी त्यांची तक्रार होती. आजवर अशा वेळी ती त्यांना आरशाकडे पाठ करून उभं करी. आज ती जिन्याच्या दाराकडे वळली. दार उघडलं. जिना समोर होता, सिमेंटचा, स्वच्छ, वरच्या खिडकीतून उजेड पडलेला. ती वाट बघत राहिली हात आपोआप भिंतीकडे जाण्याची. गेला नाही. नुसत्या पायऱ्या होत्या. वाटलं असतं तर ती त्या धावत चढून गेली असती, मागून येणाऱ्या सगळ्या पोरांच्या नाकावर टिच्चून.

"तुम्ही पुढे व्हा," बाबा खालच्या पायरीशी थांबून म्हणाले. "आणि भिंत धरा बरं का. आमची बुटकी इथूनच पडली."

हे म्हणताना ते तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होते, तिला खरं वाटलं की नाही ते बघत होते, आणि त्यांचा एक हात स्वेटरच्या काठाशी आपला आपण गोल फिरत होता. ती पहिल्या पायरीवर चढली. बाबा बघत होते, म्हणून तिने भिंतीला हात लावला, घट्ट, नेहमीसारखा, आणि तो न काढता हळूहळू वर गेली. भिंत गार होती.